झोपेच्या मापाचं घर

मिस्त्रींची घर बांधायची रीत निराळी होती. कुणी कागदावर आखलेलं घर घेऊन आलं की ते नीट बघायचे, मान हलवायचे आणि कागद परत देत म्हणायचे, "छान आहे. आता यात राहून बघू." मग जागेवरचं गवत काढायचं, दोरी ताणायची आणि पांढऱ्या फक्कीने अख्खं घर जमिनीवर उतरवायचं. खऱ्या मापाचं, भिंतींच्या जाडीसकट, दारांपुरती जागा सोडून. ज्यांचं घर असेल त्यांनी एक दिवस तिथे राहायचं. सकाळी चटया, स्टोव्ह, डबे घेऊन यायचं. फक्कीच्या स्वयंपाकघरात चहा करायचा, फक्कीच्या बैठकीत बसून प्यायचा, दुपारी ज्याने त्याने आपल्या खोलीत आडवं व्हायचं. आणि भिंत ओलांडायची नाही. कुणी विसरून रेषेवरून पाय टाकला की मिस्त्री लांबून ओरडायचे, "भिंतीतून कुठे चाललात? दारातून या."

हसणारे हसायचे. पण दुपार होईतो हसू मावळायचं, कारण तोवर कुणाच्या तरी लक्षात आलेलं असायचं की चहाचा कप घेऊन आपल्याला सासऱ्यांच्या पलंगाला वळसा घालून जावं लागतंय, किंवा न्हाणीघराचं दार बरोबर पाहुण्यांच्या तोंडावर उघडतंय. मिस्त्री झाडू घेऊन यायचे, एक रेष पुसायचे, हातभर पलीकडे दुसरी ओढायचे. "आज झाडूने होतंय," ते म्हणायचे, "उद्या घण लागेल."

माझं घरही त्यांनीच बांधलं. त्या फक्कीच्या घरात माझी आई दिवसभर एका जागी बसून होती. संध्याकाळी तिने एवढंच सांगितलं की खिडकी वीतभर खाली घ्या, बसल्याजागी वाट दिसली पाहिजे. मिस्त्रींनी घेतली. आता कुणी माझ्याकडे येत असेल तर आईला ते माझ्या आधी कळतं, आणि तिची तब्येत निम्मी त्याच्यावर आहे असं मला वाटतं.

अठ्ठावीस वर्षांत त्यांनी एकसष्ट घरं बांधली. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. नखं सिमेंटने खाल्लेली. चालणं सावकाश, बोलणं मोठ्याने. कुठेही पाहुणे म्हणून गेले तरी बसायच्या आधी भिंतीवरून एकदा डोळा फिरवणार आणि ती कलती असेल तर त्या घरचा चहा त्यांना गोड लागणार नाही. "तिसऱ्या थराला चुकलाय," असं हळू म्हणायचा त्यांचा प्रयत्न असायचा, पण ते हळू सगळ्या घराला ऐकू जायचं.

एकसष्ट घरं बांधणारा हा माणूस राहायचा मात्र बाजारातल्या भाड्याच्या दोन खोल्यांत. खाली लेथचं दुकान, शेजारी पत्रे कापणारा. आणि त्या दोन खोल्यांत त्यांची बायको राहत नव्हती.

भांडण वगैरे काही नव्हतं. बायको नर्स होती, अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या मोठ्या इस्पितळात, कायम रात्रपाळीला. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. एकदा चारचौघांत मिस्त्रींच्या तोंडूनही "सिस्टर, जरा पाणी देता का" निघून गेलं, आणि त्यावर त्यांचा हाताखालचा जुना गवंडी, लंबू, आठ दिवस हसत होता. तर सिस्टर रात्रभर उभ्या राहायच्या आणि दिवसा झोपायच्या, निदान झोपायला बघायच्या. खाली लेथ, शेजारी पत्रा. झोप कुठली लागणार. एका पहाटे ड्यूटीवर असताना त्यांचा डोळा लागला, उभ्याउभ्या, एका रुग्णाला लावायची सलाइनची बाटली हातात घेऊन, आणि ती बाटली त्या रुग्णाची नव्हती. शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीने हाक मारली म्हणून निभावलं. कुणाला काही झालं नाही. पण सिस्टरांनी त्याच आठवड्यात इस्पितळाच्या आवारात एका खोलीचं क्वार्टर मागून घेतलं. तिथे झाडं होती, शांतता होती, झोप होती. सुट्टीच्या दिवशी त्या घरी यायच्या, दोन दिवसांचं जेवण करून ठेवायच्या, मुलीचे केस विंचरता विंचरता तिला रागवायच्या आणि संध्याकाळच्या बसने परत जायच्या. असं पाच वर्षं चाललं.

मुलगी ठमी. बावीस वर्षांची, इमारतींचे नकाशे काढायचं शिकलेली. बाप जमिनीवर काढायचा ते ती संगणकावर काढायची आणि दोघेही एकमेकांच्या कामाला खेळ म्हणायचे.

मग मिस्त्रींनी जागा घेतली.

ती जागा कुणालाच नको होती. पुढे हमरस्ता, तोही चढाचा. मालाने भरलेले ट्रक तिथे गिअर बदलायचे आणि कण्हत, खाकरत वर चढायचे. मागे ओढा, ओढ्यापलीकडे तीन पुरुष उंचीचा काळा कातळ आणि कातळाच्या माथ्यावरून सुरू झालेलं रान. रस्ता आणि ओढा यांच्यामध्ये ही जमिनीची पट्टी, ऐंशी फूट रुंद, मधोमध एक खोलगट जागा. ओढ्याच्या कडेला पाच जुनी झाडं होती, त्यांच्यात सकाळी ऊन चाळणीतून पडल्यासारखं पडायचं. एखादं पाखरू पाण्यावरून इतकं खाली उडत जायचं की त्याची सावली त्याला चिकटलेली दिसे. मिस्त्रींनी पुढचं काही बघितलंच नाही. मागचं बघितलं आणि ठरवून टाकलं.

सिस्टर जागा बघायला आल्या. आधी रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मग ओढ्याकडे.

"जागा सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "मला दिवसा झोप लागेल असं घर बांधा. बाकी मला काही नको. दर तीन वर्षांनी क्वार्टरचा अर्ज नव्याने भरावा लागतो. पुढच्या वर्षी, उन्हाळ्याच्या शेवटी भरायचाय. इथे झोप लागली तर नाही भरणार. नाही लागली तर भरेन, आणि तीन वर्षं तुम्ही नि ठमी या घरात राहा, मी सुट्टीला येत जाईन."

"अगं, एकसष्ट घरं बांधलीत मी."

"त्यांत दिवसा कोण झोपतं?"

मिस्त्रींना हे लागलं. पण त्यांना खात्री होती. रस्त्याच्या बाजूला जाड भिंत, एकही खिडकी नाही. सिस्टरांची खोली सगळ्यात मागे, ओढ्याला लागून, मोठ्या खिडक्यांची, उशाशी झाडं. मधली खोलगट जागा भर घालून सपाट करायची. त्यांनी फक्की मारली आणि एका दुपारी स्वतः त्या मागच्या खोलीत चटई टाकून आडवे झाले. डोळे मिटले. वारा अंगावरून गेला, पानांची सळसळ कुठेतरी लांब, बाकी काही नाही. असं शांत त्यांनी कधी अनुभवलं नव्हतं. पंधरा मिनिटांत घोरायला लागले. उठल्यावर लंबूला म्हणाले, "रस्ता आहे की नाही कळतसुद्धा नाही."

लंबूने रस्त्याकडे पाहिलं, तिथून एक टँकर वर चढत होता, आणि मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

दुसऱ्या आठवड्यात सिस्टर रात्रपाळी संपवून थेट जागेवर आल्या. मिस्त्रींनी चटईऐवजी घरची लोखंडी खाट आणून ठेवली होती, स्वच्छ चादर घालून. सिस्टर दारातून, म्हणजे फक्कीच्या दारातून, आत गेल्या, चपला कडेला काढल्या आणि डोळ्यांवर ओढणी बांधून पडल्या. मिस्त्री झाडाखाली बसून राहिले. ठमी त्यांच्याशेजारी.

एक कूस. दुसरी कूस. पालथ्या. परत उताण्या. तासाभराने सिस्टर उठून बसल्या. डोळे लाल.

"नाही," त्या म्हणाल्या.

"काय नाही?"

"झोप नाही. ट्रक कानात शिरतायत. एक गेला की दुसरा."

"कुठले ट्रक? रस्ता कुठे, तू कुठे. आणि मध्ये भिंती येतीलच की."

"मला वाटतंय माझ्या उशालाच चालू आहेत."

"मी झोपलो ना इथे. घोरलो. विचार ठमीला."

"तुम्ही कुठेही घोरता."

इथवर ठीक होतं. पण मिस्त्री उठले, हातातलं फक्कीचं घमेलं खाली टाकलं आणि जे बोलायचं नव्हतं ते बोलले. "तुला यायचंच नाहीये. सवय झालीये एकटीने राहायची. मी ताजमहाल जरी बांधला तरी तू म्हणशील कबुतरं घुमतात."

सिस्टरांनी चपला घातल्या. ठमीच्या केसांवरून हात फिरवला. जाताना भिंतीवरून सरळ पाय टाकून गेल्या. मिस्त्रींनी त्या वेळी कुणाला दाराची आठवण करून दिली नाही.

चार दिवसांनी विटा आल्या. मिस्त्री मान खाली घालून काम रेटत होते. पाया खोदायला घेतला होता, त्याच आखणीवर, हट्टाने. विटांचा ट्रक आला तसे ते नेहमीप्रमाणे पुढे झाले. वीट घ्यायची त्यांची एक पद्धत होती: गाडीतून कुठूनही दोन विटा काढायच्या आणि एकमेकींवर ठोकायच्या. भाजलेली असली तर वीट खण्ण वाजते. कच्ची असली तर बद्द. बद्द वाजली की अख्खी गाडी परत.

त्यांनी दोन काढल्या, ठोकल्या. कपाळाला आठी पडली. दुसऱ्या दोन काढल्या, ठोकल्या.

"बद्द आहेत. ने परत."

वीटभट्टीवाला म्हातारा स्वतः गाडीबरोबर आला होता. तो ट्रकच्या पायरीवर बसला.

"मिस्त्री, बावीस वर्षं तुम्हाला वीट देतोय. भट्टी तीच, माती तीच, माणसं तीच. गेली दोन वर्षं माझी दर दुसरी गाडी तुम्ही परत पाठवता, आणि ती मी दुसऱ्याला देतो, आणि तो मला वर चहा पाजतो. आता एकदा सांगूनच टाका, माझं काही चुकलंय का?"

"वीट चुकलीये तुझी. ऐक की." मिस्त्रींनी पुन्हा ठोकल्या.

भट्टीवाल्याने लंबूकडे पाहिलं. लंबू पुढे आला. मिस्त्रींच्या हातातल्या त्याच दोन विटा त्याने हळूच काढून घेतल्या, वर धरल्या आणि ठोकल्या. पाया खोदणाऱ्या माणसांनीही माना वर केल्या, असा आवाज.

"वाजते, मिस्त्री," लंबू म्हणाला. "खणखणीत वाजते."

मिस्त्रींनी विटा परत घेतल्या. या वेळी उजव्या कानाशी नेऊन ठोकल्या. मग डाव्या. हाताला झिणझिण्या आल्या, तेवढ्याच. मग ते विटांच्या थप्पीवर बसले. सगळ्यांना माहीत होतं. फरशी कापायचं कटर अठ्ठावीस वर्षं कानाशी फिरत होतं. कामावर सगळे ओरडूनच बोलतात, त्यामुळे मिस्त्रींशी ओरडून बोलावं लागतं हे कुणाला वेगळं सांगायचं सुचलंच नव्हतं. आणि सुचलं असतं तरी कोण सांगणार होतं.

मिस्त्री बसल्या जागेवरून ओढ्याकडची ती आखणी बघत होते. वारा आणि पानं. कसली शांतता होती ती, आणि कुणाच्या कानातली.

"गाडी उतरवून घे," ते लंबूला म्हणाले. "पाया थांबव." आणि भट्टीवाल्याला म्हणाले, "दोन वर्षांचं माफ कर." त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकलेली माणसं आमच्यात दोन-तीनच असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ते क्वार्टरवर गेले. सिस्टर नुकत्या ड्यूटीवरून येऊन तोंड धूत होत्या. टॉवेल हातात तसाच धरून त्यांनी दार उघडलं.

"माझे कान गेलेत," मिस्त्री दारातच म्हणाले.

"माहितीये."

"कधीपासून?"

"मला? दोन वर्षांपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगितलं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला ऐकू नाही आलं."

मिस्त्रींनी हसावं की नाही हे न ठरवता खुर्ची ओढली. खोली एवढीशी. एक खाट, एक कपाट, खिडकीत एक कुंडी. पाच वर्षांत ते इथे चार-पाच वेळा आले असतील, आणि प्रत्येक वेळी भिंती बघून गेले होते. आज त्यांनी खाट बघितली. उशी एका बाजूने दबलेली; दुसरी बाजू कोरी.

"त्या दिवशी मी जे बोललो," ते म्हणाले.

"ते मला ऐकू आलं होतं." सिस्टर टॉवेल वाळत घालत होत्या, पाठमोऱ्या. मग लक्षात येऊन वळल्या आणि त्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "मला यायचंय हो. पण मी झोपले नाही तर कुणाचा तरी जीव जाईल. तेवढंच आहे."

"मग मला तुझे कान दे. मी घर बांधतो, तू ऐक."

"एका दिवसात नाही व्हायचं."

"जितके लागतील तितके दे."

सिस्टरांनी तीन दिवसांची रजा टाकली. अट एकच, आणखी एक दिवस मिस्त्रींनी द्यायचा, कानाच्या डॉक्टरकडे जायला. मिस्त्रींनी घासाघीस करून पाहिली, जमली नाही.

मग त्या पट्टीवर जे झालं ते रस्त्यावरून जाणारे अजून सांगतात. मिस्त्रींनी पायाचे खणलेले चर बुजवून सगळी फक्की झाडून टाकली. एकही रेष ठेवली नाही. मोकळ्या जमिनीवर फक्त ती लोखंडी खाट, खाटेवर डोळ्यांवर ओढणी बांधलेल्या सिस्टर, एका टोकाला मिस्त्री, दुसऱ्या टोकाला लंबू. दहा पावलं चालायचं, खाट ठेवायची, पाव तास थांबायचं. सिस्टर पडल्यापडल्या सांगायच्या, "इथे सगळे येतायत. हॉर्नसकट." किंवा, "इथे नुसती घरघर. पण छातीत वाजतेय." ठमी वही घेऊन मागोमाग, जमिनीत खुंटी ठोकून तिच्यावर आकडा टाकणारी. दहापैकी नऊ म्हणजे झोपायची आशा नको. एक ट्रकवाला गाडी हळू करून विचारून गेला, "पेशंटला कुठे न्यायचंय का?" लंबू म्हणाला, "पेशंट आम्ही आहोत."

ओढ्याच्या काठाशी, झाडांखाली खाट ठेवली तेव्हा सिस्टर लगेच उठून बसल्या.

"आवाज इकडून येतोय."

"कुठून?"

त्यांनी ओढणी न काढता हात केला. रस्त्याच्या बरोबर उलट दिशेला, पाण्याकडे.

"ओढ्यात ट्रक चालतात का?" मिस्त्री म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. हात जिकडे होता तिकडे कातळ उभा होता, सरळ, काळा, थापीने गिलावा ओढल्यासारखा सपाट. ट्रकचा आवाज जागेवरून जात होता, कातळावर आपटत होता आणि परत फिरून नेमका या झाडांखाली उतरत होता. पुढून एकदा आणि मागून एकदा. सगळ्या पट्टीतली सगळ्यात गोंगाटाची जागा हीच होती, आणि इथेच त्यांनी मोठ्या खिडक्यांची खोली काढली होती. ठमीने खुंटीवर दहा लिहिलं.

"रान चांगलं आहे हो," सिस्टर हळूच म्हणाल्या, मग मोठ्याने म्हणाल्या. "बघायला. चहा प्यायला. झोपायला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खाट मधल्या खोलगट जागेत उतरवली. तो खळगा कंबरभर खोल, दहा-बारा फूट रुंद, तळाशी बारीक गवत. भर घालायची म्हणून खडीचे दोन ढीगही त्याच्या काठावर येऊन पडले होते. लंबूच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून खाट जरा आपटली.

"किती?" ठमीने विचारलं.

"थांब." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "डोक्यावरून जातायत. जातायत, पण... दोन. नाही, तीन लिही, घाईने नको." मग म्हणाल्या, "ओढ्याचं पाणी ऐकू येतंय. मघाशी नव्हतं येत." मग काहीतरी अर्धवट, ठमीच्या लहानपणाबद्दल. मग काहीच नाही.

तिघे काठावर उभे राहिले. मिस्त्रींनी ठमीला खुणेने विचारलं, झोपली का? ठमीने मान डोलावली. त्यावर मिस्त्रींनी खिशातून दोरी काढली, पण खाली उतरले नाहीत. आपल्या पावलांचा किती आवाज होतो हे आता त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी काठावरूनच डोळ्यांनी माप घेतलं.

ते घर त्या खाटेपासून सुरू झालं. आधी खाट, मग खाटेभोवती खोली, मग खोलीभोवती घर. सगळी घरं दारापासून सुरू होतात. निदान मिस्त्रींची होत होती. खळगा बुजवायचा नाही, खोलीच तीन पायऱ्या खाली उतरवायची. रस्त्याच्या अंगाला कोठीघर, न्हाणीघर, जिना, स्वयंपाकघराची फडताळं. ज्यांना झोपेची गरज नाही अशा सगळ्या गोष्टी एकामागोमाग एक उभ्या करायच्या. पायातून निघालेली माती रस्त्याकडे रचून तिचा बांध घालायचा, वर झाडं लावायची. ओढ्याकडे बैठक आणि रुंद ओटा, कारण तिथे जागं बसायचं आहे. खोलीला कातळाकडे खिडकी नाही. एका बाजूला हातभर रुंदीचा उघडा चौक, त्यात वरून आभाळ आणि ऊन.

"पाणी भरेल," लंबू म्हणाला. "खड्ड्यात खोली म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात वहिनींची खाट होडी होईल."

"ओढा खोलीच्या फरशीपेक्षा आठ फूट खाली आहे. खोलीच्या खालून पाइप ओढ्याला काढायचा, चौकाच्या काठाला वीतभर उंच दगड. ठमे, उतार काढ."

ठमीने उतार काढला. बापाने जमिनीवर पाणी ओतून तपासला. दोन्ही जुळले तेव्हा दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही, पण दोघांच्याही चेहऱ्यावर ते दिसलं.

गावात बोलणं झालंच. मिस्त्री बायकोसाठी विहीर बांधतोय म्हणे. एवढं रान मागे असून खोलीला खिडकी नाही म्हणे. मिस्त्री ऐकून घ्यायचे. कानाच्या डॉक्टरकडून आणलेलं यंत्र ते कामावर खिशात ठेवायचे, धूळ जाते म्हणून, पण असं काही बोलणारा समोर आला की मुद्दाम खिशातून काढून, पुसून, कानात घालायचे आणि म्हणायचे, "हं, आता पुन्हा बोल." बहुतेकांना पुन्हा बोलावंसं वाटायचं नाही.

वर्षभर काम चाललं. भिंती झाल्या, स्लॅब ओतला, त्याखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या उतरल्या. दारांच्या चौकटी होत्या, दारं नव्हती. गिलावा व्हायचा होता. आणि उन्हाळ्याचा शेवटचा महिना लागला. एका सकाळी सिस्टर रात्रपाळीहून आल्या. पर्समधला अर्ज त्यांनी काढून ठमीला दाखवला, परत ठेवला. "आज बघते," म्हणाल्या. "उद्यापर्यंत द्यायचाय."

"अजून दारं नाहीत," मिस्त्री म्हणाले. "गिलावा नाही. आवाज कमी-जास्त होईल."

"झालं तर कमीच होईल ना? मग आताच कळू दे."

त्या तीन पायऱ्या उतरून गेल्या. खाली नुसत्या विटांच्या भिंती, सिमेंटचा ओला वास, चौकातून उतरलेली उन्हाची एक पट्टी. तीच खाट.

मिस्त्रींनी काम थांबवलं. मिक्सर बंद, कटर बंद, घमेली खाली. नऊ माणसं ओट्यावर ओढ्याकडे पाय सोडून बसली. बोलायचं नाही, म्हणून बसली होती. पण मजूर माणूस न बोलता बसला की झोपतोच, त्यामुळे तासाभरात निम्मे आडवे झाले. मिस्त्री बसले नाहीत. त्यांनी बूट काढून ठेवले होते. यंत्र कानात होतं, आणि त्यात त्यांना रस्ता ऐकू येत होता, इतक्या वर्षांनी, एकेक ट्रक वेगळा. प्रत्येक ट्रकला ते मान वळवून खोलीच्या चौकटीकडे बघत.

दहा वाजले. अकरा. ठमी एकदा पायऱ्यांपर्यंत जाऊन आली. मिस्त्रींनी भुवया उंचावल्या. तिने गालाखाली हात ठेवून दाखवला. ते पुढे झाले, परत मागे आले.

साडेबाराला रस्त्यावर काहीतरी अडकलं असावं. एकामागून एक सहा गाड्या चढावर थांबल्या आणि सहाही जणांनी हॉर्नवर हात ठेवला. ओट्यावरचे जागे झाले. मिस्त्रींनी एका हाताने कान झाकला, यंत्रावरून. दुसरा हात भिंतीवर होता, जणू भिंतीला धीर देत होते. पाच मिनिटं. मग गाड्या हलल्या.

खालून काही आलं नाही.

लंबू त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि अगदी हळू, यंत्राच्या जवळ तोंड नेऊन म्हणाला, "मिस्त्री, आता तरी बसा."

ते बसले.

सिस्टर उठल्या तेव्हा तीन वाजून गेले होते. वर आल्या त्या केस विसकटलेल्या, एका गालावर विटेचा लाल डाग घेऊन, डोळे बारीक करून. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत हे बघून ओढणी सारखी केली.

"हे काय, सगळे बसलेत का? दिवस फुकट घालवला की."

त्यांनी माठातलं पाणी घेतलं, अर्धं प्यायल्या, अर्ध्याने तोंड धुतलं. मग पुन्हा चौकटीपाशी गेल्या आणि वरूनच आत बघत राहिल्या.

"ठमे, टेप आण. क्वार्टरमधलं कपाट सहा फूट उंच आहे, ते या पायऱ्यांवरून वळणार नाही. आत्ताच माप घे, दार बसायच्या आत उतरवावं लागेल." मग मिस्त्रींकडे वळल्या. "महिनाअखेरीला क्वार्टरची किल्ली परत द्यायचीये मला. तोवर दारं होतील का?"

मिस्त्री उठले. बूट शोधायला लागले.

"या खोलीचं आधी बसवतो," ते म्हणाले. "बाकीची मागून."